साहेबांचं वाकडं तोंड

ईशान, मुक्ता, परवा फोनवर तुम्ही तिकडच्या पावाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं मला वाचून दाखवत होतात. त्यात फोलिक ॲसिड आलं आणि मी हसत सुटले. का, ते सांगायच्या आत तुमची शाळेची बस आली. म्हणून आता सवडीने लिहिते.

त्या काळी भिलाईत दोन गोष्टींपासून कोणाची सुटका नव्हती : प्लांटचा भोंगा आणि तुमच्या आजोबांचे जुने साहेब. ब्लास्ट फर्नेसमधून ते रिटायर झाले होते आणि सेक्टर सहामध्ये, आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये मुलाकडे राहत होते. हाताखाली भट्टी उरली नव्हती, म्हणून त्यांनी कॉलनीतल्या म्हाताऱ्यांची पोटं ताब्यात घेतली. "भट्टीत जसा माल, तसं लोखंड," असं ते कोणालाही, न विचारता सांगत. वय झालं की माणूस चहा-टोस्टवर येतो आणि तिथेच बिघडतो, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यावर औषध एकच, पालेभाजी. सकाळी मी कोणती जुडी घेतली हे त्यांना ठाऊक असायचंच. मग दुपारी मेंदीच्या कुंपणापलीकडे उभे राहून ते आमच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकत. "वहिनी, पालक आहे ना तो? मग त्याले मटणासारखा कावून शिजवून राहिल्या?" एका शेजारणीने लाल भाजी उकडून पाणी मोरीत ओतलं, तर हे दारात उभे. "सारं सत्त्व नालीले पाजलं तुम्ही!" बाजारात त्यांची सायकल दिसली की भाजीवाल्या एकमेकींना सांगत, "साहब आवत हे, बासी ला लुका." शिळ्या जुड्या पटापट टोपलीखाली जात.

एवढ्या कॉलनीत त्यांचं एकाच माणसापुढे चालेना. ते म्हणजे माझ्या सासूबाई, तुमच्या पणजी. दात गेल्यापासून त्या चहात बुडवलेल्या टोस्टवर आल्या होत्या. हळूहळू चेहरा पांढरा पडला, जीभ गुळगुळीत होऊन झोंबायला लागली, खोलीतून व्हरांड्यात यायलाही दम लागे. एकदा तर त्यांनी मलाच विचारलं, "तू कोणाची गं?" त्या दिवशी मी खरी घाबरले. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि फोलिक ॲसिड कमी पडतंय म्हणाले. गोळ्या दिल्या, पण गोळ्या काही जन्मभर नाहीत, ताटात हिरवं यायलाच हवं, असंही बजावलं. सासूबाई गोळ्या निमूट घेत. हिरवं मात्र नाही. "मले नोको देऊ तो चारा. मी काय गाय आहो?"

साहेब हे ऐकून तडक आले. भाजी फार न शिजवण्याचा आपला नियम त्यांनी मोडला आणि मला पालक डाळीत घोटून मऊ करायला सांगितला. "पण शिजवलेलं पाणी फेकायचं नाही, वहिनी." वाटी समोर ठेवून ते सासूबाईंना भट्टीचं भाषण देऊ लागले. सासूबाईंनी शांतपणे ऐकलं आणि वाटी त्यांच्याकडे सरकवली. "बापू, आधी तू खा."

साहेबांनी घास घेतला मात्र, त्यांचं तोंड असं काही वाकडं झालं की विचारू नका. डोळे मिटले, खांदे वर गेले, घास गिळायला दोनदा पाणी लागलं. सासूबाई कित्येक दिवसांनी हसल्या. "अरे, साऱ्या गावाले चारतं अन् तुले सोतालेच जात नाही?"

"नाही जात, माय. लहानपणापासून. कोणाले सांगू नका."

"खाय. तू एक घास खाय, मी एक खातो. पाहू कोण हारते."

तेव्हापासून रोज जेवणाच्या वेळी साहेब आमच्याकडे. पालक, चवळई, त्यांनीच कुंपणावर लावलेल्या मायाळूची पानं. ते तोंड वाकडं करत आणि सासूबाई त्यांची फजिती बघायला घास घेत. पावसाळा संपेतो त्या स्वतः फाटकापर्यंत जाऊन मायाळू खुडायला लागल्या, आणि माझी ओळख पुन्हा चुकली नाही. गोळ्यांनी की डाळभाजीने, असं मी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, दोन्हींनी.

बऱ्याच वर्षांनी सासूबाई झोपेत, सुखाने गेल्या. तेरावं झाल्यावर एका दुपारी साहेब नेहमीच्या वेळेला आले आणि नेहमीच्या जागी बसले. काय करावं न सुचून मी डाळभाजी वाढली. त्यांनी पोळीशी ती सगळी खाल्ली, सावकाश, कपाळावर एक आठी न आणता, आणि वाटी पुढे केली.

"तुम्हाला तर जात नाही ना?" मी विचारलं.

"लहानपणापासून हेच खाऊन राहिलो, वहिनी," ते म्हणाले. "आता तोंड वाकडं कोणासाठी करू?"

साहेबही आता नाहीत. आम्ही दुर्गला मोहन नगरात आलो तेव्हा मायाळूची एक फांदी आणली होती. ती कुंपणावर लागली आहे आणि रोज दुपारी तिची चार पानं डाळीत पडतात.