पिवळ्या चिंधीची माणसं

रविवारी मी कंधारच्या किल्ल्याच्या वाटेवर भाकरी घेऊन बसते. ज्वारीची भाकर, वर ठेचा, कागदात गुंडाळून जुन्या पिवळ्या लुगड्याच्या चिंधीने बांधलेली. मला अनोळखी माणसांशी बोलायला जमत नाही. मागितलं तर देते, नाही तर येणाऱ्यांच्या चपला बघत बसते. चपलांवरून लांबचं माणूस कळतं.

माझी धाकटी बहीण औशाला दिली आहे. शाळेत खिचडी शिजवते. एकदा तिचा फोन आला.

"अक्का, मी बी हितं औशाच्या किल्ल्यापाशी भाकरीचं दुकान टाकणार. रोजचं. शाळेतलं काम सोडून देते."

"लोक येतात का तितके?"

"तेच तर बघायचंय. येत्या रविवारी तू तिकडं मोज, मी हिकडं मोजते."

मी चिंचोके घेऊन बसले. आलं की एक चिंचोका डब्यात. संध्याकाळी एकोणीस झाले. तिचे त्र्याऐंशी.

"अक्का, तुझा किल्ला ओस पडलाय की गं!" ती हसून हसून बेजार. "उद्याच सांगते हेडमास्तरला."

मला ते पटेना. गर्दी तर बरी होती. दुपारी एका जीपमधून नऊ माणसं उतरलेली मला आठवत होती. मग माझ्या ध्यानात आलं. आमच्या गावात जेवणाचं आवतन द्यायचं तर माणसं मोजत नाहीत, चुली मोजतात. एका चुलीचे सगळे मिळून एक. मीही त्याच सवयीने जीपला एक चिंचोका टाकला होता.

तिला तसं सांगितलं. "अगं बाई, लेकरं धरून मोजायचं असतंय," ती म्हणाली. "बरं, अजून एक रविवार थांबते. तेवढाच."

पुढच्या रविवारी मी डोकी मोजली. माझी ऐंशी, तिची पंचाहत्तर. ती खूश झाली. "दोन्हीकडं मिळून दीडशाच्या वर! एवढ्या लोकांला भाकर पुरवायची म्हणजे तुझ्या एकटीच्यानं व्हणार न्हाई." मग आवाज जरा उतरला. "पर एक इचारू? तू पुडकं कशानं बांधतीस?"

"पिवळ्या चिंधीनं."

"तरीच. चार वाजता एक मोठं घर किल्ल्यापाशी सावलीला बसलं. मी आशेनं बघायले, तर त्यांनी पिशवीतनं पुडकी काढली. पिवळ्या चिंध्या! माझ्यापुढं तुझीच भाकर खाल्ली, अक्का."

मी हसले, पण रात्रभर तेच डोक्यात. म्हणजे सकाळी मी ज्यांना मोजलं, त्यांनाच दुपारी तिने मोजलं. मग खरी माणसं किती? दीडशे तर नाहीतच. पण ऐंशीच, असंही म्हणता येईना. काही माझ्याकडून परत गेली असतील, काही सरळ औशालाच आली असतील. चिंधीवरून फक्त भाकर घेतलेल्यांचा पत्ता लागतो. बाकीच्यांना विचारावंच लागणार होतं, आणि विचारायचं माझ्याच्याने होत नव्हतं. पण तिकडे ती शाळेतलं काम सोडायला निघाली होती.

तिसऱ्या रविवारी एका लेकुरवाळीला पुडकं देताना कसंबसं तोंडातून निघालं, "पुढं कुठं जाणार?"

मला वाटलं, ती म्हणेल, तुला काय करायचंय. पण ती माझ्याजवळ उकिडवी बसलीच. काल नांदेडला गुरुद्वारा बघितला, रात्री तिथेच राहिले, आता लातूर, मग औसा, मुक्कामाला तुळजापूर. सासूबाईंचा नवस आहे; बाकीचं सगळं वाटेत लागतं म्हणून. मला गंमत वाटली. निघाली नवसाला, आणि आम्ही दोघी बहिणी तिला आपापल्या किल्ल्याची पाहुणी समजून बसलो होतो.

मग मी त्या दिवशी दिसेल त्याला विचारलं. निम्म्याहून जास्त लोक पुढे औशालाच जाणारे. वाटेत जेवून, तीन-चारच्या सुमाराला पोचणारे.

संध्याकाळी मी फोन केला. "चार वाजता भाकर कोण घेणार गं? खाऊन आलेले असतात, न्हाई तर माझी पिशवीत असती."

तिने तवा बघून ठेवला होता, मला माहीत होतं.

"मग मी काय इकू?"

"चहा. त्या वेळेला चहाच लागतो."

"चहासाठी शाळा सोडू?"

"सोडू नको. रविवारी शाळा बंदच असती की."

"लई शानी झालीस," ती फणकारली आणि फोन ठेवला. सोमवारी शाळेत गेली, एवढं भाच्याकडून कळलं.

पुढच्या रविवारी साडेचारला तिचाच फोन आला. मागे स्टोव्हचा आवाज येत होता.

"पिवळ्या चिंध्या सहा दिसल्या, अक्का. सहाच्या सहा घरांनी चहा घेतला. पर एक घर बिगरचिंधीचं हाय. लई थकल्यावानी दिसायलेत."

"कुठून आलेत?"

"काय की. इचारलं न्हाई. लाज वाटायली."

जन्मभर माझ्या वाटचं बोललेली ही माझी बहीण! "फोन तसाच धर," मी म्हणाले, "आणि जा, विचारून ये."

तिच्या चपलांचा आवाज लांब गेला. मी फोन कानाला लावून बसले. डब्यातला एक चिंचोका हातात घेतला होता. तो माझ्याकडून गेलेल्यांत टाकायचा की सरळ औशाला आलेल्यांत, ते ती आल्यावरच कळणार होतं.