काळीचं अंडं

कोंबडीने अंडं घातलं की ती साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडते. विचुंबे गावातल्या आमच्या घरी बाबा ओटीवर चहा पिता पिता तो ओरडा ऐकायचे आणि मागे वळूनही न बघता सांगायचे, "काळीचं आलं." परसात जाऊन पाहावं तर काळी खुराड्यातून ऐटीत बाहेर पडत असायची. घरात तीन कोंबड्या होत्या, काळी, तांबडी आणि ठिपक्यांची. तिघींची अंडी दिसायला सारखीच. तरी काळीचं अंडं बाबांचं, उकडून, मिठाबरोबर. दुसरं चालायचं नाही. मी खारघरच्या फ्लॅटमध्ये मोबाइलवरून डझनाने अंडी मागवणारी बाई, मला त्याचं हसू यायचं. "बाबा, त्यावर काय तिचं नाव लिहिलंय?" मी विचारायचे. "तुला नाय कळायचं," ते म्हणायचे आणि मीठ मागायचे.

गेल्या थंडीत बाबा गेले. त्यानंतर खुराड्यात दोनच अंडी मिळू लागली. तिघींतली कोण घालत नाही ते कुणालाच सांगता येईना, कारण ओरडा ओळखणारा माणूसच उरला नव्हता. माझा थोरला भाऊ आईजवळ राहतो. त्याचा संशय काळीवर होता, ती सगळ्यात म्हातारी. आमच्याकडे अंडी न देणारी कोंबडी रविवारी टोपात जाते. हा नियम बाबांचाच होता.

"बाबानं तरी ठेवली असती काय?" दादा म्हणाला.

"काळी घालते," आई म्हणाली. "तांबडी आळशी हाय."

आईला काळी जाऊ द्यायची नव्हती. बाबा गेल्यापासून ती माणसांशी कामापुरतं बोलायची, पण काळीला दाणे टाकताना तिचं तोंड थांबायचं नाही. आपण आईच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतोय ते दादालाही कळत होतं, म्हणून तोही रागावून नाही, चाचरतच बोलायचा.

मी तेव्हा रजा टाकून आले होते आणि माझा स्वभाव असा की घोळ दिसला की तो मिटवल्याशिवाय जेवण गोड लागत नाही. मोबाइलवर एक युक्ती सापडली. कोंबडीच्या शेपटीखाली, जिथून अंडं बाहेर येतं तिथे रंग लावायचा, म्हणजे कवचावर त्याचा ओघळ उमटतो. तांबडीला कपड्यांची नीळ लावली, ठिपक्यांचीला हळद. काळीसाठी रंग शोधत होते, तेवढ्यात आई आत गेली आणि पिंजरीची डबी घेऊन आली.

तिच्या कुंकवाची डबी. बाबा गेले त्या दिवसापासून ती डबी कपाटात होती. निदान टिकली तरी लाव म्हणून मी आईशी कडाकडा भांडले होते, एकदा तर ताटावरून उठले होते. "नको बाय," एवढंच ती म्हणायची. पूर्वी रोज सकाळी आंघोळ झाली की ती कपाळाला पिंजर लावायची आणि बोटाला उरलेली मंगळसूत्राला पुसायची. लहानपणापासून मी तिचा दिवस असाच सुरू होताना पाहिला होता.

"नुसती वाया जाते," आई म्हणाली आणि तिने खोबरेल तेलात पिंजर कालवली. काळीला मी धरलं. आईने फार हलक्या हाताने रंग लावला.

दुसऱ्या दिवशी एक निळं अंडं निघालं आणि एक पिवळं. पुढचे दिवसही तसेच. काळी मजेत माती उकरत होती, तिला कसली फिकीर. शनिवारी संध्याकाळी दादाने रविवारच्या रश्श्याच्या वाटपासाठी सुकं खोबरं आणून ओट्यावर ठेवलं. आई त्याकडे बघत राहिली आणि भूक नाही म्हणून तशीच झोपली.

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. आई खुराड्याशी उकिडवी बसली होती. हातातल्या अंड्यावरची हळद ती पदराने घासून पुसत होती. मग तिने डबी उघडली, बोट बुडवलं आणि अंड्यावर टेकवलं. बोटाला उरलेली पिंजर पुसायला तिचा हात आपसूक गळ्याशी गेला. तिथे काही नव्हतं. हात जरा वेळ तिथेच राहिला, मग तिने तो पदराला पुसला. मला रडू आवरेना. नळ मोठा सोडून मी उगाच भांडी घासत राहिले.

"बघ, काळीचं," आत येऊन आई म्हणाली.

अंड्यावर ओघळ नव्हता. कपाळाला लावतात तशी गोल, नेटकी टिकली होती आणि कडेला पुसट पिवळेपणा. कोंबडीच्या बापजन्मात असं जमलं नसतं. सगळा पंचनामा मीच मांडलेला, पण मी ते तसंच दादाच्या हातात दिलं. दादाने अंडं फिरवून पाहिलं, मग आईच्या लाल बोटाकडे पाहिलं.

"घालते की," तो म्हणाला आणि खोबरं उचलून डब्यात ठेवून आला.

काळी अजून आहे. मी फोनवर विचारते, आज कुणाकुणाचं आलं? "काळीचं हाय ना," आई सांगते. रोज आंघोळ झाली की ती डबी उघडते आणि एका अंड्याला पिंजर लावते. दादा म्हणतो, हात अजून गळ्याशी जातो.