दाराकडे कललेली लाटी

पेणला आमच्या गच्चीवर पापड वाळत घालताना हिंगाचा वास नाकात शिरला आणि हात थांबले. मुलगी मेलबर्नला गेल्यापासून माझं कशातच धड लक्ष लागत नाही.

रोह्याच्या घरात त्या दिवशी हाच वास होता. ताई लग्न होऊन ऑस्ट्रेलियाला निघाली होती आणि आई तिच्यासाठी पापड लाटत होती. "ऐन मे महिन्यात तिकडं थंडी कशी?" हेच तिचं चाललं होतं.

बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांनी पिठाची लाटी उदबत्तीच्या काडीला टोचली, मधे तांब्या ठेवला आणि म्हणाले, "हा सूर्य." मग काडीचं टोक दाराकडे कलतं धरून ते तांब्याभोवती फिरू लागले. "इथं वरची बाजू सूर्याकडं झुकलीय. तिथं आपण, म्हणून आपल्याला उन्हाळा. ताई खालच्या बाजूला. तिला ऊन तिरपं, दिवस लहान." तांब्याच्या पलीकडे गेल्यावर सगळं उलट झालं.

आई पिठाच्या हातांनी त्यांच्या मागोमाग फिरत होती. "काडी वळवत का नाय तुम्ही?"

"ती वळत नाय. पृथ्वी कुठंही असो, कल त्याच बाजूला. म्हणून तर ऋतू होतात."

दोघांची ती प्रदक्षिणा बघून मला हसू आवरेना.

त्यानंतर आई घरभर कामं करत फिरायची, पण पोस्टमनच्या वेळेला तिची मान दाराकडेच असायची.

ऊन चढलंय. फोन कठड्यावर ठेवून मी पापड उलटत गच्चीभर फिरते आहे, आणि कुठल्याही कोपऱ्यात गेले तरी माझं तोंड कठड्याकडेच आहे.