दाराशी जाग्या बसणाऱ्या विमलताई

विमलताईंच्या पंचाहत्तरीच्या समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेत त्यांचा परिचय मीच लिहिला होता. त्यातले एक वाक्य चुकले आहे: ‘वर्गाच्या शेवटी ताईही सर्वांबरोबर शवासन करतात.’ ताईंनी वर्गात एकदाही शवासन केलेले नाही. त्या वेळी माझेच डोळे मिटलेले असत, म्हणून पहिल्या दिवसानंतर त्याही आडव्या होत असतील, असे मी गृहीत धरले. पत्रिका वाचून माझे काका म्हणाले, “बाई झोपल्या असत्या, त म्या डोये मिटले असते काय वं?”

शाळेत जाण्याआधी मला अक्षरे शिकवली ती याच काकांनी. पुढे दारूने त्यांचा हात थरथरू लागला आणि आम्ही त्यांना रिसोडच्या व्यसनमुक्ती केंद्रात आणले. तिथे ताईंची पहिली भेट झाली. परिचारिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्या तिथे रोज सकाळी विनामूल्य योगासने शिकवत होत्या. वर्गाच्या शेवटी सगळे आडवे होऊन डोळे मिटून पडले, पण काका छताच्या पत्र्याकडे टक लावून होते. डोळे मिटायची त्यांना भीती वाटे.

“मिटा भाऊ,” ताई म्हणाल्या. “मी दाराशी जागी हाओ.”

“अन् घोरलो त?”

“घोरा. बाकीच्यायले वाटंल, भ्रामरी चालू हाय.”

काकांनी डोळे मिटले. मीही त्यांच्या शेजारी पडले. पत्र्याखालची कबुतरे, धान्यबाजारातली हाळी, लांबच्या एसटीचा हॉर्न, सारे पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येऊ लागले. पापण्यांवरून ऊन हळूहळू सरकत गेले. कुणीतरी आपली राखण करते आहे, एवढेच कळत होते. त्यानंतर मी त्यांच्याच हाताखाली शिकत राहिले.

एक गृहस्थ बरे होऊन घरी गेले आणि पुन्हा पिऊ लागले. परतले तेव्हा दारातच घुटमळत होते. “आलं पाहा ध्यान,” कुणीतरी म्हणाले. ताईंनी त्यांची सतरंजी जुन्याच जागी अंथरली. “जागा त्यायचीच हाय. तुमी आपले पाय आवरा.” इतके दिवस कुठे होतात, असे ताईंनी त्यांना आजवर विचारलेले नाही.

पंचाहत्तरीनिमित्त काय द्यावे, असे आम्ही विचारले, तेव्हा ताई म्हणाल्या, “एक दिवस मलेबी डोये मिटून पडू द्या.” आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी घाबरले. माझ्या भरवशावर कुणी डोळे मिटलेच नाहीत, तर ताईंनाही उठून दाराशी यावे लागेल.

“तू घरची कडी दोनदा पायतं,” ताई म्हणाल्या. “दाराशी असंच मानूस पाह्यजे.”

“मी एक डोया उघडाच ठेवीन,” काका म्हणाले.

ताईंचे गुडघे असेच वज्रासनात बसत राहोत, श्वास दीर्घ आणि झोप गाढ राहो, आणि शंभरीच्या सकाळीही वर्ग त्यांनीच घ्यावा, ही आम्हा सर्वांची इच्छा. ज्यासाठी मी हे लिहिते आहे तो गौरवग्रंथ रविवारी समारंभात त्यांच्या हाती पडेल. दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, ताईंची सतरंजी काकांच्या शेजारी अंथरलेली असेल आणि दाराशी मी जागी असेन.