दुधाला आलेला वास

माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, धाकटे दीर माणसांपेक्षा गवतावर जास्त भरवसा ठेवत, आणि गवतानं त्यांना कधी तोंडघशी पाडलं नाही. निजामाच्या शेतकी खात्यानं त्यांना भूमजवळच्या माळावर नेमलं होतं. कुठलं गवत जनावर आवडीनं खातं, कुठलं सोडतं, हे वहीत टिपायचं काम. पण धाकटे दाजी नुसतं टिपून थांबत नसत. गाईच्या मागं हिंडत ती जे खाईल ते स्वतः चावून बघत. स्वतःच्या लग्नात म्हणे पंगत सोडून गोठ्यात मारवेल गवत चघळत बसले होते. सकाळी दुधाचा घोट घेऊन गाय काल कुठल्या उतारावर चरली ते सांगत. आम्ही हसायचो. मग गुराख्याला विचारलं की ते खरं निघायचं, आणि हसू जरा आटायचं.

मुलखात धामधूम माजली त्या साली बालाघाटाच्या कुशीतली एक वाडी भीतीनं रिकामी झाली. तिथला एक म्हातारा आक्काच्या गावात येऊन तिची गुरं राखायला राहिला. एका संध्याकाळी गुरं आली, म्हातारा आला नाही. गावानं ओढे, विहिरी धुंडाळल्या. दुसऱ्या सकाळी दाजींनी दुधाचा घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"रोशा गवत," ते म्हणाले. "आणि तिळवण."

रोशा डोंगरउतारावरचं, तिळवण पडक्या भिंतींच्या कडेची. दोन्ही शेजारी उगवलेली अशी त्यांच्या वहीत एकच जागा होती, ती रिकामी वाडी.

भर दुपारी आम्ही दोघं वाडीत पोचलो. कुत्रंसुद्धा नव्हतं. तरी एकूण एक अंगण झाडलेलं, सडा घातलेला. दाजींनी वाकून हात लावला. सडा ओला होता.

म्हातारा शेवटच्या घराच्या ओसरीवर पडला होता, मांडीचं हाड मोडलेलं. उशाशी पाण्यानं भरलेला तांब्या. गुरं उतारावर सोडून तो रोज वाडी झाडायला यायचा, आणि काल छप्पर शाकारताना घसरला होता. मग आजचा सडा कुणी घातला, असं मी विचारलं.

"वाडीतली समदी आली व्हती की सकाळच्याला," तो म्हणाला. "मला पाणी पाजून गेली. लई घाईत व्हती."

दाजींनी सवयीनं तांब्या तोंडापर्यंत नेला, आणि न चाखताच खाली ठेवला. सगळं चाखणाऱ्या त्या माणसानं आयुष्यात तेवढी एकच गोष्ट सोडली असावी.

म्हातारा वाचला, पण बाजेला खिळला. तेव्हापासून दाजी रोज सकाळी वाडीकडं जायला लागले. विचारलं तर म्हणत, नोंदी घ्यायच्या राहिल्यात. एकदा मी मागोमाग गेलो. माळावरची काडीही कुणाला उपटू न देणारे दाजी अंगणात उकिडवे बसून खुरप्यानं गवत काढत होते. मला पाहून ओशाळले.

"मी एवढं गवतच काढतो," हळूच म्हणाले. "झाडलेलं मात्र मी यायच्या आधीच असतं."

धामधूम शमली, तशी दाजींची बदली झाली. निघताना आक्काला म्हणाले, वाडीत माणसं परतली की दोन ओळी टाका. थंडीच्या सुमारास बैलगाड्या आल्या, चुली पेटल्या. आक्कानं पत्र धाडलं. उलट टपाली उत्तर आलं, एवढंच: 'अंगणात गवत वाढू देऊ नका म्हणावं.'