काळेकाकांच्या घरातला वास

काळेकाकांचं आडनाव काळे नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर लोक उगाच नातं काढत बसतात. तीस वर्षं त्यांनी घरी बसून मोटरसायकलचे सायलेन्सर काळे रंगवले, त्यात नखांच्या कडा कायमच्या काळ्या झाल्या आणि गल्लीने त्यांना हे नाव चिकटवून टाकलं. एकदा नवा पोस्टमन काळे नावाच्या भलत्याच माणसाचं पत्र त्यांच्या दारात टाकून गेला. काकांनी ते उघडून अर्धंअधिक वाचलं आणि मग बायकोला विचारलं, "अगं, ही आपली कोणती आत्या आजारी आहे?"

काम चालायचं घराच्या मागच्या खोलीत. कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मिस्तरी सकाळी स्कूटरवर गंजलेले सायलेन्सर आणून टाकायचा आणि दोन दिवसांनी काळे कुळकुळीत घेऊन जायचा. बघणाऱ्याला वाटायचं, यात काय आहे, बंदूक धरली आणि फवारलं. असं कोणी बोललं की काकांचा पारा चढायचा. "फवारायला काय, गाढवसुद्धा फवारेल!" खरं काम घासण्यात असतं, असं त्यांचं म्हणणं. आधी तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक. मग थिनरच्या फडक्याने पुसायचं आणि एकदा पुसलं की उघड्या हाताने शिवायचं नाही, कारण बोटाचं तेल लागलं तर तेवढ्याच जागी रंग सुटतो. दोन्ही तोंडांत कागदाचे बोळे कोंबायचे, छताच्या हुकाला तारेने टांगायचा आणि मग रंगाचे तीन हात द्यायचे. पहिला हात इतका पातळ की खालचं लोखंड दिसलं पाहिजे. घाईने जाड हात देणाऱ्या माणसाला काका माणसात धरत नसत.

शेवटी भट्टी. म्हणजे बायकोचं जुनं लोखंडी कपाट. फळ्या काढून खाली हीटरची कॉइल बसवली, झाली भट्टी. काकूंनी आपले कपडे ट्रंकेत हलवले आणि पुढची कित्येक वर्षं ऐकवलं, "माझं कपाट गेलं ते गेलंच, वर धूरही माझ्याच डोळ्यांत!" रंग तापला की त्या कपाटातून जो वास सुटायचा तो साऱ्या घरात भरायचा, उशांत आणि टॉवेलांत जाऊन बसायचा. आलेला पाहुणा दुसऱ्या कपाची वाट न बघता उठायचा.

काकांना मात्र त्याचा पत्ताच नव्हता. थिनरने त्यांचं नाक कधीच खाल्लं होतं. दहा वर्षांपूर्वी ते पेपर वाचत शेगडीशेजारी बसलेले असताना दूध उतू गेलं, आटलं, भांडं जळून कोळसा झालं आणि काकू धावत आल्या तेव्हा हे शांतपणे हवामानाचा अंदाज वाचत होते. तेव्हा कुठे दोघांना कळलं. "बरंच झालं," काका म्हणाले, "आता तू काहीही करपव." त्यावर दोघंही हसले. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

मग घरात नात आली. मुलगा, सून आणि हे दोघं अशा चार माणसांना त्या एवढ्याशा पोरीने बोटांवर नाचवलं. काकांचं तर काय विचारता! कामाच्या मध्येच हात धुऊन यायचे, तिला एकदा पोटभर बघायचे आणि परत जायचे. ती तीन वर्षांची झाली आणि तिची छाती घरघरायला लागली. सर्दी म्हटलं, हवा बदलली म्हटलं, पण घरघर काही थांबेना. डॉक्टरांनी मुलाला विचारलं, "घरात धूर, रंग, असलं काही असतं का?" मुलाने मागच्या खोलीचं सांगितलं.

घरी येऊन त्याने विषय काढला आणि काका भडकले. भडकायला नको होतं. "याच नळ्यांवर शिकलास तू! तेव्हा नाही आला तो वास?" मुलगा म्हणाला, "तेव्हाही यायचा, बाबा. शाळेत माझ्या शेजारी कोणी बसायचं नाही." हे काकांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी ताट सरकवलं आणि उठून मागच्या खोलीत गेले. आठ दिवसांत मुलाने शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याची जागा बघितली. जाताना सून दारात थांबली. बोलण्यात तशी गोड होती ती. म्हणाली, "बाबा, राग मानू नका. नुसता वासाचा प्रश्न आहे हो. वास गेला की आम्ही परत येऊच ना."

दीड महिना काका ताठ राहिले. पण मोरीतल्या ग्लासात नातीचा छोटा ब्रश राहून गेला होता आणि दात घासताना तो रोज दिसायचा. एका सकाळी ते तोंडातला फेस तसाच ठेवून ब्रशकडे बघत उभे राहिले आणि मग चूळ भरून तडक गॅरेजवर गेले. मिस्तरीला म्हणाले, "उद्यापासून आणू नकोस."

"डोकं फिरलंय का तुझं?" मिस्तरी म्हणाला. "असा हात दुसरा कुणाचा आहे?"

"हात गेला खड्ड्यात. पोरगी घरी यायला हवी."

मिस्तरीने बंदुकीला हवा देणारा काँप्रेसर आणि बंदूक आपल्या गॅरेजात नेऊन ठेवली. विकणार नाही, एवढंच बोलला. कपाट भंगारवाल्याने उचललं. काकूंनी त्याला दारापर्यंत पोचवलं आणि दार बराच वेळ उघडंच ठेवलं.

आता वास घालवायचा. पण ज्याला वास येत नाही त्याने तो घालवायचा कसा, सांगा बघू? काकांनी आपल्याला येत होतं तेच केलं. सायलेन्सर घासावा तशा भिंती घासल्या. आधी तारेचा ब्रश, मग जाड पेपर, मग बारीक. चुन्याचे दोन हात दिले. छताचे हुक उपटून भोकं बुजवली, फरशी सोड्याने धुतली, खिडकीची तावदानं काढून उन्हात टाकली. आणि रोज सकाळी हाक मारायची, "अगं, ये जरा. बघ."

बघायला काकूंचंच नाक हवं होतं. शेजारच्या मास्तरांना बारमाही सर्दी आणि मिस्तरीचं नाक काकांइतकंच निकामी. काकूंचं नाक मात्र असं तिखट की पलीकडच्या घरात दूध लागलं तर या इथून ओरडून सांगत. त्या पदराला हात पुसत यायच्या, खोलीच्या मधोमध उभ्या राहायच्या, डोळे मिटून श्वास घ्यायच्या. काका श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघायचे.

"आहे अजून थोडा."

"कुठे?"

"त्या कोपऱ्यात वाटतोय."

की काका तो कोपरा घ्यायचे. दुसऱ्या दिवशी वास खिडकीच्या चौकटीत असायचा, तिसऱ्या दिवशी दारामागे. "हा वास आहे की उंदीर!" म्हणत ते त्याच्या मागे लागायचे. असे सहा महिने गेले. मुलगा दर रविवारी फोन करायचा. पोरीची घरघर थांबली होती, देवाची कृपा. भेटायचं तर हे दोघंच बस धरून तिकडे जात, तासभर बसत आणि परत येत. निघताना काका म्हणत, "थोडाच राहिलाय आता." मुलगा म्हणे, "हो बाबा. सावकाश होऊ द्या."

दुपारी मात्र हात रिकामे राहायचे. मग काका रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटरसायकलींपाशी वाकून सायलेन्सर न्याहाळत बसायचे. एका गाडीमालकाने त्यांना पेट्रोलचोर समजून मानगूट धरली. काका त्याला म्हणाले, "पेट्रोल राहू दे, आधी हा रंग कुठल्या गाढवाने दिला ते सांग." तोही हसला आणि त्याने त्यांना सोडलं.

मग एक दिवस मास्तरांची सून काकूंकडे आली. तिला सातवा महिना होता, झगे उसवून सैल करून हवे होते. पुढच्या खोलीत ऊन म्हणून काकू तिला मागच्या खोलीत घेऊन बसल्या. काका दारात पायरी पुसत होते. तासाभराने ती भिंतीला टेकली आणि म्हणाली, "काकू, मी रोज इथेच येऊन बसू का हो? सध्या मला कुठला वास म्हणून सहन होत नाही. साबण नाही, तेल नाही, नवऱ्याचा शर्टसुद्धा नाही. सारखे उमासे येतात. इथे बघा, कसलाच वास नाही. नुसती स्वच्छ हवा."

काकूंचा सुईचा हात थांबला. त्यांनी वर बघितलं ते नेमकं काकांकडे. चाळीस वर्षांच्या संसारात माणूस दुसरं काही शिको न शिको, बायकोचा चेहरा वाचायला शिकतो. काकांनी फडकं पायरीवर ठेवलं.

ती गेल्यावर ते स्वयंपाकघरात आले. "कधीपासून नाही?"

काकू पातेलं विसळत राहिल्या. मग म्हणाल्या, "दुसऱ्या चुन्यानंतरच गेला."

"मग मला रोज…"

"पोरं येणार नाहीत हो." पातेलं त्यांच्या हातातच राहिलं. "त्याने मला तेव्हाच फोनवर सांगितलं. तिकडे त्यांचं बस्तान बसलंय. आपापलं राहिलेलं बरं, असं दोघांनाही वाटतंय. वाईट नाहीत ती, पण येणार नाहीत. बाबांना सांगायची माझी छाती होत नाही, तू सांग, म्हणाला. मी तरी कुठल्या तोंडाने सांगू? तुम्ही रोज सकाळी फडकं घेऊन उभे. वास आहे म्हटलं की तुमचा दिवस निघायचा. नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही दारात जाऊन बसला असता, टॅक्सीची वाट बघत."

काका पाटावर बसले. खरंच बसले असते ते, टॅक्सीची वाट बघत. राग आला, पण तो कोणावर काढावा हे कळेना. मुलाचं शाळेतलं ते बाक आठवलं, शेजारी कोणी न बसलेलं. नातीची फार आठवण आली. काकू शेजारी येऊन बसल्या. "चुकलं का हो माझं?" त्यांनी विचारलं. काका नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते गॅरेजवर गेले. मिस्तरीने एक गंजका सायलेन्सर आणि बंदूक त्यांच्या हातात दिली, काँप्रेसर स्वतः स्कूटरवर घालून आणला. काकांनी पांढऱ्याशुभ्र छतात नवा हुक ठोकला तेव्हा काकू धावत आल्या.

"हे काय मांडलंय? एवढी घासूनपुसून लख्ख केलेली खोली!"

"वास हवा ना घरात," काका म्हणाले. "तू किती दिवस खोटं बोलशील?"

काकूंना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्या तिथेच चौकटीला धरून उभ्या राहिल्या. काकांनी घासलं, पुसलं, बोळे कोंबले, टांगलं आणि पहिला हात दिला. "येतोय?" त्यांनी विचारलं.

"डोक्यात जातोय," काकू म्हणाल्या आणि डोळे पुसले. डोळ्यांना रंग लागला, असं म्हणाल्या.

रविवारी फोन आला. मुलाचा आवाज जड होता. "बाबा, जरा बोलायचं होतं तुमच्याशी. घराबद्दल…" काकांनी तो सूर ओळखला. पोरगं शेवटी सांगायला निघालं होतं. ते त्याच्या तोंडून ऐकायची काकांची तयारी नव्हती आणि त्याला ते बोलायला लागावं हेही त्यांना नको होतं.

"आधी माझं ऐक," ते घाईने म्हणाले. "तुम्ही आत्ता काही येऊ नका रे. मी काम परत धरलंय. राहवेना, काय करू? घरात उभं राहवत नाही इतका वास आहे. पोरीच्या छातीला झेपायचं नाही. तुम्ही तिकडेच राहा, छान राहा."

 मग मुलगा म्हणाला, "बरं बाबा. काही हरकत नाही. तुम्हाला काम हवंच, मला माहीत आहे." सहा महिन्यांत त्याचा आवाज इतका मोकळा लागला नव्हता. आईची विचारपूस केली, तब्येतीला जपा म्हणाला, रंगवताना तोंडाला रुमाल बांधा म्हणाला. काका सगळ्याला हो म्हणत गेले.

तेवढ्यात पलीकडे खुडबुड झाली आणि कानात नातीचा आवाज आला. मागून सून "अगं, दे इकडे" म्हणत होती, पण पोरीने फोन सोडला नसावा.

"आजोबा, गेला का वास? मी माझी बॅग भरलीय."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंना फोनमधलं ऐकू येत नव्हतं, त्या नुसत्या त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"नाही गं, बाळा," काका म्हणाले. "अजून आहे थोडा."