बाईंच्या पिकअपचे शॉकर

ज्या कामात चारजण गुंतलेले असतात आणि घाई मात्र एकालाच असते, त्या कामातून किस्से निघतात, असं माझं निरीक्षण आहे. निरीक्षण चुकीचंही असेल. मी आयुष्यभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, आणि अजून स्वतःच्या एकाही विधानाची मला खात्री वाटत नाही!

गोष्ट जबलपूरची, मध्यप्रांताच्या शेवटच्या दिवसांतली. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. आमच्या ओळखीच्या डॉक्टर यमुनाबाईंचं लहानसं प्रसूतिगृह होतं. खेड्यांतल्या बायकांना आणायला त्यांनी लष्कराच्या लिलावातून एक जुनी पिकअप घेतली. इंजिन उत्तम होतं. पण मागे बसलेला माणूस उतरल्यावर थोडा वेळ नुसता उभा राहायचा. आपले सगळे अवयव बरोबर आलेत का, हे पाहत!

शॉक अ‍ॅब्सॉर्बर गेले होते. ड्रायव्हर सुखलाल त्यांना 'शॉकर' म्हणायचा. घाई होती ती त्यालाच. त्याची बायको फुलमती नर्मदेपार, बरगी गावापलीकडे माहेरी होती, दिवस भरत आले होते. तिचं पहिलं मूल त्याच रस्त्यावर, बैलगाडीत, गेलं होतं.

"बाई साब," तो एवढंच म्हणाला, "अबकी शॉकर अच्छे डलवा दो."

बाई म्हणाल्या, "डलवा देंगे." आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही तिघं शिकलेले आहात. बघा काय ते."

*

तिघं म्हणजे वकील भैयाजी, जंगलखात्यातले निवृत्त रेंजर नाना आणि मी. रविवारी बाईंच्या ओसरीवर चहा प्यायचा आणि कुठलीही गोष्ट एकमतानेच ठरवायची, ही आमची रीत. एकमत होईपर्यंत चहा चालू!

मी पदार्थविज्ञानाचा, म्हणून तज्ज्ञ मीच. खरं सांगायचं तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर मी तोवर पाहिलाही नव्हता. पण स्प्रिंगचं आंदोलन आणि ते कसं शमतं हे मी दरवर्षी शिकवत होतो. रात्रभर वाचून गेलो आणि ओसरीच्या फरशीवर खडूने आलेख काढून समजावलं. भैयाजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे खड्ड्यात गेल्यावर गाडी हलत राहते, अन् ते हलणं थांबवायचं?"

"अगदी बरोबर."

"मग हे इंग्रजीत काहून सांगून राहिले?"

*

पहिला उपाय नानांचा. "नवे कशाला? जुन्यातलं तेल गळलंय. तेल भरा, झालं!" जुन्या शॉकरांत एरंडेलाच्या जातीचं तेल चालतं, असं त्यांनी कुठल्याशा लष्करी मेकॅनिककडून ऐकलं होतं. मी पुस्तकात पाहिलं. बातमी चक्क खरी निघाली.

आता प्रसूतिगृहात एरंडेलाला काय तोटा! नानांनी कपाटातली बरणी शॉकरांत रिकामी केली. गाडी लोण्यासारखी चालली. अधारतालच्या तळ्यापर्यंत जाऊन आलो, आणि येताना रस्त्यावर आमच्यामागे तेलाची ओळ उमटली होती. तेल नव्हे, त्याला अडवणारी वॉशरच गेली होती!

संध्याकाळी बाईंनी औषधाला कपाट उघडलं.

"बरणी कुठाय?"

नाना म्हणाले, "गाडीला दिली."

"किती?"

"सगळी."

बाईंनी खिडकीतून गाडीकडे एक नजर टाकली. "आता तिला उद्यापर्यंत कुठे नेऊ नका," म्हणाल्या.

*

मग नवे शोधणं आलं. बाजारात दोनच जोड मिळाले. एक, लष्करी ट्रकांसाठीचा, दणकट. दुसरा, कुठल्याशा संस्थानिकाच्या मोटारीतून निघालेला, मऊ. सुखलालने दोन्ही हाताने दाबून पाहिले. "ये धक्का देगा," तो म्हणाला, "और ये झूला."

भैयाजी झूल्याच्या बाजूने, नाना धक्क्याच्या. माझं मत दोन्हीकडे होतं.

प्रत्यक्ष पाहावं म्हणून आधी मऊ जोड बसवला. गाडीतल्या खाटेवर पेशंट म्हणून कोणाला निजवायचं? भैयाजींचं पोट वकिलीत कमावलेलं होतं. त्यांनाच निजवलं, वरून चादर घातली. बरगीच्या वाटेवर रेल्वेच्या फाटकाशी गाडी थांबली. बाईंची गाडी त्या बाजूला ओळखीची. एक म्हातारी आली, चादरीखालचा उंचवटा पाहून कळवळली.

"काय बेटा, कौन महीना चल रओ?"

चादर खाली सरकली आणि भैयाजींच्या झुपकेदार मिशा बाहेर आल्या. म्हातारी मागे हटली नाही. तिनं मिशा नीट पाहिल्या, पोट पाहिलं आणि सुखलालला म्हणाली, "जल्दी ले जा भैया, केस बिगड़ो है!"

भैयाजींना परतीच्या वाटेवर उलट्या झाल्या. झूला थांबायचं नावच घेत नव्हता. तरी खाली उतरल्यावर ते म्हणाले, "माझं मत कायम आहे."

*

एकमत होईना. सुखलाल रोज ओसरीच्या पायरीशी येऊन उभा राहायचा. त्यानेच आम्हाला घाई झाली, आणि घाईत भैयाजींनी तडजोडीचा मसुदा मांडला: डावीकडे नानांचा शॉकर, उजवीकडे त्यांचा स्वतःचा! कोर्टात अशा तडजोडी रोज होतात, म्हणाले. मला ते चुकीचं वाटत होतं. पण मला सगळंच चुकीचं वाटतं, म्हणून गप्प बसलो.

गाडी बदकासारखी चालली. प्रत्येक खड्ड्याला एका कुशीवर कलायची. चौकातल्या शिपायाने सुखलालला उतरवलं आणि त्याचं तोंड हुंगलं.

"भैया, मैंने नईं पी," सुखलाल म्हणाला. "कमेटी ने पी है."

*

शेवटी बाई चिडल्या. "गाडी कशासाठी बनली होती?"

"माल न्यायला," नाना म्हणाले.

"आणि मी तीत काय नेणार?"

"बाई."

"एक बाई. म्हणजे गाडी रिकामीच ना?"

आम्ही रस्त्याचा विचार केला होता, तेलाचा केला होता, स्प्रिंगचा केला होता. ओझ्याचा कुणीच केला नव्हता. दणकट शॉकर या गाडीच्या स्प्रिंगच्या जड पाट्यांना बरोबर होते. फक्त मागे वजन पाहिजे होतं. एकमत झालं! दोन्हीकडे दणकट जोड बसला. वजनाला वाळूची पोती आणू, असंही ठरलं. पोती कुठून आणायची, हे पुढच्या रविवारी ठरणार होतं.

*

आणि बुधवारी दुपारीच निरोप आला. फुलमतीला कळा सुरू झाल्या होत्या.

पोती नव्हती. बाईंनी आम्हा तिघांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बसा मागे," त्या म्हणाल्या.

जाताना नर्मदा कधी ओलांडली ते कळलं नाही. फुलमतीला माहेरून उचलून खाटेवर निजवलं. बाई तिच्या उशाशी, केबिनला पाठ लावून बसल्या. आम्ही तिघं खाटेला लागूनच, मागच्या फळीकडे तोंड करून. "कोणी मागे वळून पाहायचं नाही," असा हुकूम होता. पदार्थविज्ञानातली माझी सर्वात उपयोगी कामगिरी ती: मी वजन म्हणून बसलो होतो!

उलटं तोंड असल्याने खड्डा आधी दिसायचा नाही. तो आला, की कळायचा. गाडी एकदा दबायची आणि स्थिर व्हायची. तरी प्रत्येक वेळी मला वाटे, शॉकर चुकला, वजन कमी पडलं, माझा सगळा हिशेब चुकला. आज पुन्हा त्याच रस्त्यावर. मी डोळे मिटले आणि खाटेची कड पकडून 'देवा, देवा' पुटपुटत राहिलो.

तेव्हा मागून कुणीतरी माझं मनगट धरलं. घट्ट. बाई नाडी बघत असतील, असं समजून मी तसाच बसून राहिलो. जबलपूर येईपर्यंत तो हात सुटला नाही. मधूनच इतका आवळला जायचा की बोटं उमटायची. पण सुटला नाही.

प्रसूतिगृहाच्या दाराशी सुखलाल भिंतीला टेकून उभा होता. भैयाजींनी त्याला आयुष्यात पहिल्यांदाच खुर्ची दिली. तो बसला नाही, तर ते स्वतःही बसले नाहीत. मग आतून बारीक रडणं ऐकू आलं, आणि काही वेळाने हात पुसत बाई बाहेर आल्या.

"सुखलाल, लड़की हुई है. दोनों ठीक हैं."

सुखलाल तिथेच जमिनीवर बसला.

बाई माझ्याकडे वळल्या. "प्रोफेसर, तुम्ही आत या जरा. ती मुलीलासुद्धा नीट घेईना. सारखं एकच विचारते आहे."

मी दारापर्यंत गेलो. आतून फुलमतीचा थकलेला आवाज आला.

"बाई साब, वे मास्टर साब अब कैसे हैं? रस्ता भर हमने उनको हाथ नईं छोड़ो!"